दरोडेखोर, कमिशनर आणि काऊबॉय : साम्यवादी रोमानियाचा गल्लाभरू सिनेमा

पडदानशीन:

रोमानियन सिनेमा म्हटलं की पुण्याच्या पिफ किंवा गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवांत रांगा लावणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर एकच नमुना येतो. करड्या इमारती, हटून बसलेला कॅमेरा, जेवणाच्या टेबलाभोवती हळू आवाजात एकमेकांची सालटी काढणारी माणसं. २००५ मधला क्रिस्ती पुइउचा 'लाझारेस्कू', २००७ मध्ये कानला सुवर्ण पाम मिळवणारा मुंजिउ, झालंच तर पोरुंबोयू. मलाही ही दिग्दर्शक मंडळी आवडतात. पण ती ज्या देशात वाढली, तिथल्या थिएटरांत तेव्हा नेमकं काय चालायचं, यावर मराठीत काही माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हा धागा.

तर, चालायचे दरोडेखोर. कमिशनर. दाढीवाले राजे. आणि हो, काऊबॉयसुद्धा.

पार्श्वभूमी भरभर उरकतो. २ नोव्हेंबर १९४८ रोजी चित्रपटधंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं. बुखारेस्टजवळ बुफ्तेआ इथे १९५०च्या दशकात मोठा स्टुडिओ उभा राहिला. सुरुवातीचे चित्रपट ठरीव साच्याचे: १९४९चा 'रसुना वाल्या' म्हणजे रेल्वेमार्ग बांधणाऱ्या तरुणांची गोष्ट. खेडोपाडी फिरत्या गाड्यांतून प्रोजेक्टर नेऊन हे दाखवत. पुढे १९६५ला लिव्हिउ चुलेइला 'पादुरेआ स्पन्झुरात्सिलोर' (फाशी दिलेल्यांचं रान) साठी कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी सत्तेवर कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू आला. गंमत सुरू होते ती याच्या पुढच्या वर्षी.

१९६६ : 'हायदूची'. हायदूक म्हणजे रानात राहणारा बंडखोर दरोडेखोर, जो जमीनदारांना लुटतो आणि गरिबांच्या अंगावर हात टाकत नाही. लोकगीतांतून शतकानुशतकं घोळलेला माणूस. दिग्दर्शक दीनु कोचाने १९७१पर्यंत याचे सहा भाग काढले. खलनायक कोण? तर तुर्की सुलतानाने नेमलेले फनारियोत राजे आणि त्यांच्या मागेपुढे करणारे सरदार. म्हणजे बघा, वर्गशत्रूही झाला आणि परकाही झाला, एका पगडीत दोन्ही कामं. पक्षाला आक्षेप घ्यायला जागा नाही. प्रेक्षकाला मात्र घोडे, तलवारी, खजिने, वेषांतर, पळवून नेलेल्या मुली आणि नंतरच्या भागांत फ्लोरिन पिएर्सिक. उंचापुरा, निळ्या डोळ्यांचा, हसला की समोरच्या खलनायकालाही राग धरता येऊ नये असा.

हाच पिएर्सिक १९८०च्या 'द्रुमुल ओआसेलोर' (हाडांची वाट) मध्ये मर्जेलातु म्हणून परत आला. काळ १८४८च्या क्रांतीच्या आसपासचा. रुंद काठाची टोपी, दोन पिस्तुलं, आणि तोंडात सतत बिया. हा माणूस बिया खात खात विचार करतो, बिया खात खात धमकी देतो आणि टरफल थुंकलं की समजायचं आता कुणीतरी मरणार. इटालियन वेस्टर्नचा नायक वालाकियाच्या (दक्षिण रोमानियाच्या) धुळीत उतरवलाय, एवढंच. पण त्याच्या कामाला देशभक्तीचं अस्तर आहे: तो क्रांतिकारकांची कागदपत्रं, सोनं, माणसं सुखरूप पोचवतो. 'त्रान्दाफिरुल गाल्बेन' (पिवळा गुलाब, १९८२) धरून १९८७पर्यंत सहा चित्रपट. शेवटच्या एकदोनांत पिएर्सिक थकलेला वाटतो, पटकथा त्याहून थकलेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की या चित्रपटांना नुसता 'प्रचार' म्हणून बाजूला सारलं की त्या काळाचा अर्धा भाग हातातून निसटतो. सरकारला संदेश हवा होता, प्रेक्षकाला दोन तासांची सुटका. दिग्दर्शकाला दोघांचंही पोट भरायचं होतं. हे कसं जमवलं, कुठे उसवलं, हे बघण्यात मजा आहे.

कमिशनरांवर आणि वेस्टर्नवर प्रतिसादांत लिहितो, नाहीतर हा लेखच होईल.

खारे शेंगदाणे:

वाचनखूण साठवली. बिया खाणारा नायक माझ्या आयडीला साजेसा आहे.

तिरकस:

छान लिहिलंय, पण जरा हात आखडता घ्या. सुटका वगैरे ठीक. १९७१च्या जूनमध्ये चाउशेस्कू चीन आणि उत्तर कोरिया बघून आला आणि जुलैमध्ये 'जुलैचे प्रबंध' जाहीर केले, त्यानंतर संस्कृतीच्या प्रत्येक खात्याचा गळा आवळला गेला. लुचियान पिन्तिलिएचा 'रेकोन्स्तितुइरेआ' त्याच्या आधीचा. दोन पोरांनी दारूच्या नशेत मारामारी केली म्हणून त्यांना शिक्षेऐवजी तीच मारामारी कॅमेऱ्यासमोर पुन्हा करायला लावतात, शैक्षणिक फिल्म बनवायची म्हणून. १९७०च्या सुरुवातीला जेमतेम प्रदर्शित झाला आणि उचलून डब्यात. पिन्तिलिएचा पुढचा रोमानियन चित्रपट १९८१चा, तोही १९९०पर्यंत कुणाला बघायला मिळाला नाही. एकीकडे हा माणूस परदेशात नाटकं बसवत फिरतोय आणि दुसरीकडे सर्जिउ निकोलाएस्कू या दिग्दर्शकाला सैन्याच्या तुकड्या दिमतीला. हे 'दोघांचंही पोट भरणं' नाही, एकाचं ताट काढून दुसऱ्याला वाढणं आहे.

पडदानशीन:

तिरकस, ताटाचा मुद्दा मान्य. पिन्तिलिएवर अन्याय झाला यात वादच नाही. पण निकोलाएस्कूचं नाव काढलंतच तर त्याच्यापासूनच सुरू करू, कारण तुमच्या-माझ्या दोघांच्या बाजूचा पुरावा त्याच्याकडे आहे.

हा शिक्षणाने इंजिनिअर. १९६७चा 'दाची' (डेसियन लोक) हा त्याचा पहिला मोठा चित्रपट, फ्रान्सबरोबर सहनिर्मिती, आणि त्यात पिएर ब्रिस, मारी-जोझे नात असे फ्रेंच कलाकार. रोमन साम्राज्याविरुद्ध लढणारा राजा देसेबाल झाला होता आम्झा पेल्या. मग १९७१चा 'मिहाइ वितेआझुल' (शूर मिहाइ), दोन भागांत. वालाकिया, ट्रान्सिल्व्हेनिया आणि मोल्दाविया ही तिन्ही राज्यं १६०० साली काही महिने का होईना एका छत्राखाली आणणारा राजा. तोही आम्झा पेल्याच. लढायांसाठी हजारो खरे सैनिक. आज संगणकावर काढलेल्या सैन्याची इतकी सवय झालीय की टेकडीवरून खरोखरची माणसं आणि घोडे उतरताना बघून छातीत धस्स होतं. कालुगारेनीच्या लढाईत चिखलात रुतलेले घोडे उठायचा प्रयत्न करतात, त्यांच्या अंगावरचा चिखल खरा आहे.

यात चाउशेस्कूला काय मिळालं? एकटा, परक्या सत्तांनी वेढलेला, स्वतःच्या सरदारांनी दगा दिलेला, तरी देश एक करणारा नेता. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा त्याने बुखारेस्टच्या चौकात जाहीर निषेध केला होता. त्यानंतर 'आम्ही कुणापुढे झुकत नाही' या सुराचा इतिहास पडद्यावर येणं त्याच्या सोयीचं होतं. तिथून स्तेफान, व्लाद त्सेपेश, बुरेबिस्ता अशी राजांची रांग लागली. बुरेबिस्ता तर १९८०मध्ये, आणि तो बघताना मी दोनदा चहा करून आलो.

इतिहासमित्र:

'व्लाद त्सेपेश' (१९७९, दिग्दर्शक दोरु नस्तासे) वर एक वाक्य तरी लिहायला हवं होतंत. सगळं जग ज्याला ड्रॅक्युलाचं मूळ म्हणून ओळखतं, त्याचाच चित्रपट, आणि त्यात रक्तपिपासूपणाचा मागमूस नाही. हा व्लाद न्यायी, करडा, चोरांना आणि फितुरांना सुळावर देणारा शासक. स्तेफान सिलेआनूचा चेहराच असा कोरीव की बघणाऱ्याला वाटावं, सुळाशिवाय इलाज नव्हता बुवा. १९७९मध्ये हुकूमशहाच्या देशात हे दाखवणं म्हणजे कठोर हाताचं समर्थनच ना?

पडदानशीन:

समर्थनच. पण हॉलमध्ये बसलेल्या माणसाने ते तसंच घेतलं असेल याची खात्री नाही. भ्रष्ट अधिकारी सुळावर चढताना बघून त्याच्या डोळ्यांसमोर कोणते अधिकारी आले असतील, हे सेन्सॉरला कसं कळणार?

क्लुजकर:

गेली काही वर्षं नोकरीनिमित्त रोमानियात, क्लुज शहरात आहे. इथे निकोलाएस्कूबद्दल बोलायला गेलं की दोन तट पडतात. माझ्या ऑफिसातल्या तरुण मुली डोळे फिरवतात. पण सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर त्याचे चित्रपट लागले की त्यांच्या घरचे वडीलधारे हलत नाहीत, हे त्याच सांगतात. माझे घरमालक, सत्तरी पार केलेले, ते 'मिहाइ' शाळेच्या रांगेतून जाऊन बघितल्याचं सांगतात. आणि मी भारतातून आलोय कळल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी 'आवारा'चं शीर्षकगीत म्हणून दाखवलं, शब्द सगळे चुकीचे, सूर अगदी बरोबर. राज कपूर आणि नर्गिस इथे किती खोल गेलेत ते इथे आल्याशिवाय कळत नाही. नर्गिसच्या नावावरून 'नर्घिता' असं नाव घेतलेली एक रोमानियन गायिका होती, हिंदी गाणी गाऊनच ती प्रसिद्ध झाली.

रमाकाकू:

अगंबाई, नर्घिता! हे वाचून फार छान वाटलं. आम्ही दूरदर्शनवर उपशीर्षकं असलेले परदेशी चित्रपट बघत असू, पण रोमानियाचा बघितल्याचं आठवत नाही. पडदानशीन, कमिशनरचं राहिलं बरं का.

पडदानशीन:

काकू, घ्या कमिशनर. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

'कु मिनिले कुराते' (स्वच्छ हातांनी), १९७२. दिग्दर्शक निकोलाएस्कू, लेखनात तितुस पोपोविच. युद्ध नुकतंच संपलंय, बुखारेस्टमध्ये काळाबाजार आणि टोळ्या. पोलिसांत दोन माणसं एकत्र येतात. एक मिहाइ रोमान: कामगार, कम्युनिस्ट, पोलिसी कामाचा अनुभव शून्य. ही भूमिका इलारिओन चोबानुची. हा खरोखर रग्बी खेळलेला गडी, दारातून आत आला की दार लहान वाटतं. दुसरा तुदोर मिक्लोवान: जुन्या पठडीतला कमिशनर, काळा कोट, हॅट, आणि गुंडाला कोर्टात नेण्याऐवजी जागेवरच निकाल लावायची खोड. हे काम स्वतः दिग्दर्शकाने केलंय.

आता पटकथेचा कौल कुणाच्या बाजूने आहे हे सांगायला नको. रोमान बरोबर, कायदा हवा, हात स्वच्छ हवेत. मिक्लोवान चुकीचा, म्हणून शेवटी त्याला गोळ्या लागतात. आणि तिथेच सगळा हिशोब फिरतो. अंगाची चाळण झालेला मिक्लोवान मरताना म्हणतो की काही विशेष नाही, किरकोळ आहे. ते वाक्य रोमानियात अजून लोक बोलण्यात वापरतात. धडा रोमानचा होता, प्रेक्षक घेऊन गेला मिक्लोवानला.

पुढच्या वर्षी 'उल्तिमुल कार्तुश' (शेवटचं काडतूस) आला, त्यात रोमान एकटा त्या टोळीच्या सूत्रधाराच्या, सेमाकाच्या, मागे लागतो. चित्रपट बरा आहे, पण मिक्लोवान नाही हे जाणवत राहतं. मग निर्मात्यांनी काय केलं असेल? मेलेला माणूस परत कसा आणायचा? १९७४च्या 'उन कोमिसार अकुझा' मध्ये काळ मागे नेला, १९४०चा. लोखंडी गार्ड या फॅसिस्ट संघटनेने जिलावाच्या तुरुंगात कैद्यांची कत्तल केली, त्या घटनेच्या आधाराने कथा रचली. आणि तपास करायला आला कमिशनर तुदोर मोल्दोवान. तोच कोट, तीच हॅट, तोच निकोलाएस्कू. आडनावाची दोन अक्षरं बदलली की झालं! पुढे 'रेवान्शा' (१९७८), 'दुएलुल' (१९८१). सरकारी सिनेमात कामगार पोलिसाला बाजूला सारून प्रेक्षकांनी स्वतःचा नायक निवडला, याहून सरळ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

तिरकस:

सरळ पुरावा कशाचा? लोकांना पिस्तूलवाला, कायदा न मानणारा पोलीस आवडला याचा. सेकुरिताते नावाचं गुप्त पोलीस खातं ज्या देशात घराघरांत कान लावून बसलं होतं, तिथे हे तुम्हाला बंडखोरीचं लक्षण वाटतं? मला तर उलट वाटतं.

मधला_इंटरव्हल:

तिरकस +१. पण मिक्लोवानचा कोट पाहिजे आपल्याला.

पडदानशीन:

बंडखोरी मी म्हटलं नाही. निवड म्हटलं. आणि निवड नेहमी चांगलीच असते असं थोडंच आहे. तुमचा मुद्दा बोचरा आहे, तो बोचू दे तसाच.

खारे शेंगदाणे:

वेस्टर्न!! किती वाट बघायची?

पडदानशीन:

आलो आलो. पूर्व जर्मनीने १९६६पासून 'इंडियन' लोकांना नायक करून वेस्टर्न काढले, गोयको मितिच त्यांचा तारा. त्यांतल्या काहींचं चित्रीकरण रोमानियात झालंय. त्यामुळे घोडे, डोंगर आणि झोबी चेहसारखे जिवावर उदार झालेले स्टंटवाले इथे तयारच होते. रोमानियाने स्वतःचे काढले तीन : 'प्रोफेतुल, आउरुल शि आर्देलेनी' (प्रेषित, सोनं आणि ट्रान्सिल्व्हेनियावाले, १९७८), मग नटी आणि डॉलर (१९८०), मग तान्हं मूल आणि तेल (१९८१). पहिला आणि तिसरा डान पित्साचा, मधला मिर्चा वेरोयुचा.

ब्राद आडनावाचे दोन भाऊ तिसऱ्याला शोधत अमेरिकेत येतात. थोरला त्रायान म्हणजे आपला रग्बीवाला चोबानु, धाकटा रोमुलुस म्हणजे मिर्चा दियाकोनु. मेंढपाळी पेहराव, मेंढीच्या कातड्याची टोपी, इंग्रजीचा गंध नाही. आणि ज्याला शोधायला आलेत तो भाऊ जॉनी नाव घेऊन बंदूकबाज झालाय, डोक्यावर इनाम. थोरल्याला अमेरिकेतलं काहीच पटत नाही. लोक बोलण्याआधी गोळी का झाडतात, हे त्याला खरोखर समजत नाही. गोळीबार सुरू झाला की तो टेबलाखाली शिरत नाही, वैतागतो. धाकट्याचे डोळे मात्र सगळ्यावर भिरभिरतात. दोघांच्या या जुगलबंदीवर सगळा विनोद उभा आहे आणि तो आजही शिळा झालेला नाही. ढोंगी प्रेषिताच्या भूमिकेत व्हिक्टर रेबेंजुक, जो पुढे १९८७च्या 'मोरोमेत्सी'मध्ये शेतकरी बाप म्हणून कमाल करून गेला.

आता संदेश बघा. ज्या देशात पासपोर्ट मिळवणं म्हणजे दिव्य होतं, तिथे सरकारी पैशाने दाखवलं जातंय की अमेरिकेत काय ठेवलंय, सोन्याच्या मागे लागलेले लुच्चे लोक, त्यापेक्षा आपलं गाव बरं. थोरला भाऊ उठता-बसता घराची आठवण काढतो. पण हे सांगण्यासाठी प्रेक्षकांना दीड तास अमेरिकेत फिरवून आणावं लागलं! सलून, रेल्वे, तेलविहिरी, सगळं.

आणि तिरकस, तुमच्यासाठी खास: हाच डान पित्सा १९८३मध्ये 'फालेझे दे निसिप' काढतो. समुद्रकिनारी एका डॉक्टरच्या वस्तू चोरीला जातात, तो एका तरुण कामगारावर संशय घेऊन हात धुऊन त्याच्या मागे लागतो. पोरगा नाही म्हणतोय, डॉक्टर कबुलीच हवी म्हणून अडून बसलाय. चाउशेस्कूने त्याच उन्हाळ्यात मांगालियाच्या भाषणात या चित्रपटावर टीका केली, आणि काही दिवसांतच तो थिएटरांतून गायब. म्हणजे ताट एकाचं आणि दुसऱ्याचं असं सरळ वाटलेलं नव्हतं. एकाच माणसाला एका वर्षी वाढलं आणि दुसऱ्या वर्षी त्याच्याच पुढ्यातून काढलं.

तिरकस:

हे माहीत नव्हतं. पित्सा बघायला हवा.

इतिहासमित्र:

विनोदी नट तोमा काराजिउला विसरलात की काय? विनोदी चित्रपटांचा विषयच नाही निघाला.

पडदानशीन:

कसा विसरेन. १९७०-७१चे 'ब्रिगादा दिवेर्से'चे तीन चित्रपट, मिर्चा द्रागानचे. किरकोळ गुन्ह्यांची दखल घेणारी मिलिशियाची तुकडी, प्रमुख काराजिउ, समोर दोन-तीन नग चोर. पोलीस प्रेमळ दाखवायचे हा हेतू स्पष्ट, पण लोक चोरांसाठी जायचे. 'ओपेरात्सिउनेआ मोन्स्त्रुल' (१९७६) त्याहून तिखट: साहेब मासेमारीला निघतो आणि हाताखालचे लोक त्याच्या पुढेपुढे करतात. कचेरीत कधीही काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ४ मार्च १९७७च्या भूकंपात काराजिउ गेला, बुखारेस्टमधल्या घरात. दिग्दर्शक अलेक्सांद्रु बोकानेत्स त्या रात्री त्याच्याकडे होता, तोही गेला. रोमानियन विनोदाचं ते नुकसान भरून आलं नाही, असं माझं मत.

सगळ्यात जास्त तिकिटं मात्र दोन गावरान गड्यांनी खपवली. १९७४चा 'पकाला', लोककथेतला लबाड भोळा, आणि १९७९चा 'नेआ मारिन मिलियार्दार'. दोन्हींची प्रत्येकी, वर्षानुवर्षांची मिळून, सुमारे १ कोटी ४६ लाख तिकिटं, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आतबाहेर. नेआ मारिन म्हणजे ओल्तेनिया भागातला बोलघेवडा शेतकरी. समुद्रकाठच्या हॉटेलात त्याला चुकून अमेरिकन अब्जाधीश समजतात आणि पैशांच्या बॅगेमागे सगळे लागतात. शेतकरी आणि अब्जाधीश, दोन्ही भूमिका एकाच नटाच्या. ओळखा कोण?

मधला_इंटरव्हल:

पिएर्सिक?

क्लुजकर:

आम्झा पेल्या. इथे कुणालाही विचारा, आधी नेआ मारिन आठवतो, मग राजा मिहाइ.

पडदानशीन:

बरोबर. देसेबाल, मिहाइ आणि नेआ मारिन, तिन्ही एकच चेहरा. दिग्दर्शकही तोच, निकोलाएस्कू. राष्ट्रीय महाकाव्याचा नायक त्याच माणसाने हॉटेलच्या लॉबीत घोंगडं पांघरून फिरवला आणि कुणाला भावना दुखावल्यासारखं वाटलं नाही.

रमाकाकू:

शेवटी शेवटी काय झालं मग? ८९पर्यंत हेच चालू होतं का?

पडदानशीन:

काकू, ऐंशीच्या दशकात कर्ज फेडायच्या नादात चाउशेस्कूने देश उपाशी आणि थंडीत ठेवला. टीव्ही आठवड्याच्या दिवशी दोन तासांवर आला, त्यातही बराच वेळ त्याचंच गुणगान. त्यामुळे थिएटरं टिकली, 'लिचेएनी' (१९८६) सारखे शाळकरी प्रेमाचे चित्रपट धो-धो चालले. पण खरी स्पर्धा घरातून आली: चोरून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटी. इरिना मार्गारेता निस्तोर नावाची बाई, नोकरी सरकारी टीव्हीत अनुवादक म्हणून, आणि फावल्या वेळात हजारो परदेशी चित्रपटांतल्या सगळ्या पात्रांचे आवाज एकटीने काढायची. बंद खिडक्यांआड शेजारी जमवून लोक तिच्या आवाजात हॉलीवूड बघत. त्यांच्यापुढे मर्जेलातुच्या बिया कुठवर पुरणार?

आणि २२ डिसेंबर १९८९ला चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाल्यावर क्रांतिकारकांत, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कोण दिसलं? सर्जिउ निकोलाएस्कू. पुढे सिनेटरही झाला.

तिरकस:

यावर काही बोलत नाही.

खारे शेंगदाणे:

नव्याने बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? सहा-सहा भागांचा पसारा आहे.

पडदानशीन:

ट्रान्सिल्व्हेनियावाल्यांचा पहिला, मग 'कु मिनिले कुराते'. हायदूकांतला कुठलाही एक पुरे, पण पिएर्सिक असलेला निवडा. 'मिहाइ' मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नका. 'नेआ मारिन'चे शाब्दिक विनोद उपशीर्षकांत निम्मे सांडतात, तेव्हा तो क्लुजकरांच्या घरमालकांशेजारी बसून बघितलेला बरा.

क्लुजकर:

विचारतो त्यांना. त्सुइका (इथली आलुबुखारची दारू) मात्र प्यावी लागेल, ते अडून बसतात.